रशियन नाणं हाती आलं की आधी काय, मग काय

दर आठवड्याला कुणाचा तरी फोटो येतो. तळहातावर नाणं, एकच बाजू, वरून ट्यूबलाइटची चकाकी, आणि खाली ओळ: "काका, रशियन आहे. किती येतील?" वजन दिलेलं नसतं, कड दिसत नाही, दुसरी बाजू मागावी लागते. बरेचदा ते नाणं फोटोआधी घासून लख्ख केलेलं असतं, आणि मग मला सांगता येण्यासारखं फारसं उरलेलं नसतं.

ही नाणी आपल्याकडे वेगवेगळ्या वाटांनी येतात. रशियात एमबीबीएस करून परतलेल्या मुलीच्या पाऊचमधून, मोरजी-हरमलला राहून गेलेल्या पर्यटकांकडून आठवण म्हणून, पुण्याच्या जुन्या बाजारातल्या पाच-दहा रुपयांच्या डब्यातून. वाट कोणतीही असो, पुढची कामं एका ठरावीक क्रमाने केली तरच नाणं ओळखता येतं. चुका बहुतेक या क्रमातच होतात.

तयारी

शतांश ग्रॅम, म्हणजे ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा डिजिटल काटा. व्हर्नियर कॅलिपर, शक्यतो प्लॅस्टिकचा, कारण लोखंडी कॅलिपरचे जबडे चांदीवर ओरखडा पाडतात. दहापट मोठं दाखवणारं भिंग. छोटं चुंबक. पाण्याचा लहान पेला आणि शिवणाचा दोरा. वही-पेन. टेबलावर घडी घातलेला जाड टॉवेल अंथरा, म्हणजे नाणं हातातून सुटलं तरी कडेला पोचा येणार नाही. नाणं नेहमी दोन बोटांत कडेने धरायचं.

सोव्हिएत काळातलं १९६१ नंतरचं ५ कोपेकचं (कोपेक म्हणजे रुबलचा शंभरावा भाग) पितळी नाणं मिळालं तर ते काट्याच्या डबीतच ठेवून द्या. १, २, ३ आणि ५ कोपेक या चार नाण्यांची ठरलेली वजनं अनुक्रमे १, २, ३ आणि ५ ग्रॅम होती. काटा बिनसलाय का, हे पाहायला फारसं न झिजलेलं ५ कोपेक पुरेसं आहे.

१. घासू नका

माझ्या मावशीच्या घरी अठराव्या शतकातली रशियाची सम्राज्ञी कॅथरीन दुसरी हिच्या काळातलं ५ कोपेकचं तांब्याचं नाणं होतं. ४० मिलिमीटरहून रुंद, हातात घेतलं की वजन जाणवावं असं, जुन्या गुळाच्या ढेपेसारखं गडद तपकिरी. मी बघायला येणार म्हणून तिने आदल्या दिवशी ते चिंच-मिठाने घासलं, देवघरातलं तांब्याचं ताम्हण घासतात तसं. मी पोचलो तेव्हा ते गुलाबी चकचकीत होतं. तीन आठवड्यांत त्यावर काळेलाल डाग उमटले. गरुडाच्या बाजूची टांकसाळीची अक्षरं त्या तपकिरी थरामुळे उठून दिसली असती. आता भिंग तिरकं धरूनही ती अर्धीच वाचता येतात. मावशीने प्रेमानेच केलं होतं, म्हणून मला तिला काही बोलवेना.

चिंच, लिंबू, खाण्याचा सोडा, टूथपेस्ट, राख, सोनाराचं पाणी: यातलं काहीही लावू नका. चांदीवरचा काळसर थरही तसाच राहू द्या.

चालतं ते एवढंच. सुटी माती असेल तर बॅटरीच्या पाण्याच्या दुकानात मिळणाऱ्या डिस्टिल्ड पाण्यात रात्रभर बुडवून ठेवा, बाहेर काढून मऊ कापडावर टेकवा आणि वाळू द्या. पुसायचं नाही, टिपायचं. प्लॅस्टिकच्या पाकिटामुळे चिकट हिरवट थर आला असेल तर शुद्ध ॲसिटोनमध्ये काही मिनिटं ठेवा. काचेची वाटी घ्या, खिडकी उघडा, गॅस बंद ठेवा. नेलपॉलिश काढायचं द्रव वापरू नका, त्यात तेल आणि सुगंध असतो.

सावध: तांब्यावर फिकट हिरवी भुकटी दिसली आणि टोकरल्यावर ती झडू लागली, तर तो धातूला लागलेला रोग आहे. ते नाणं लगेच वेगळ्या डबीत ठेवा.

२. अक्षरं फसवतात, ती आधी शिका

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. रशियन लिपीतली काही अक्षरं रोमनसारखी दिसतात पण त्यांचा उच्चार वेगळा आहे. रोमन सी दिसला तर तो स. रोमन पी दिसला तर तो र. रोमन एच म्हणजे न, रोमन बी म्हणजे व. त्यामुळे सोव्हिएत नाण्यावर लोक 'सीसीसीपी' वाचतात आणि त्या नावाचा देश शोधत बसतात. ते एस-एस-एस-आर आहे, सोव्हिएत संघाचं रशियन आद्याक्षरी नाव.

आणखी तीन अक्षरं डोळ्यांत बसवा. दोन उभे खांब आणि वर आडवी तुळई, दाराच्या चौकटीसारखं अक्षर म्हणजे प. तंबूसारखं, वर टोक असलेलं ते ल. आणि खाली दोन छोटे पाय फुटलेलं घर ते द. टांकसाळीच्या खुणा वाचायला ही तीन सतत लागतात.

आता नाणं कोणत्या गठ्ठ्यातलं ते ठरवा.

दोन डोक्यांचा गरुड आणि १९१७ पर्यंतचं वर्ष: झारशाही, म्हणजे रशियन सम्राटांचा काळ. पाच अक्षरांचं आद्याक्षरी नाव आणि १९२१ ते १९२३: क्रांतीनंतरचं रशियन प्रजासत्ताक. चार अक्षरांचं नाव आणि १९२४ ते १९९१: सोव्हिएत संघ. पुन्हा दोन डोक्यांचा गरुड, वर्ष १९९२ किंवा १९९३: संक्रमणाचा काळ, महागाईत मोठ्या आकड्यांची नाणी आली तो. १९९७ पासूनचं वर्ष: आजचा रुबल. जानेवारी १९९८ मध्ये हजार जुन्या रुबलांचा एक नवा रुबल झाला, आणि त्यासाठीच्या नाण्यांवर १९९७ हे वर्ष आधीच पाडलेलं होतं.

गरुड दिसला की लगेच "झारच्या काळातलं" ठरवू नका. आजच्या चलनी नाण्यांवरही दोन डोक्यांचा गरुड आहे. २०१५ पर्यंतच्या गरुडाला मुकुट नाही, २०१६ पासूनच्याला आहे. फोटो पाहून घाई करणारे इथे दोनशे वर्षांनी चुकतात.

दुसरा नेहमीचा प्रश्न: "यावर किंमतच छापलेली नाही." बहुधा ते १९२४ ते १९२७ मधलं चांदीचं अर्ध्या रुबलचं नाणं असतं, ऐरणीवर घण मारणारा लोहार असलेलं. त्यावर ५० हा आकडा नाही. 'एक पोल्तिन्निक' असं अक्षरांत लिहिलेलं आहे, आणि पोल्तिन्निक म्हणजे ५० कोपेक.

तपासा: मूल्य, वर्ष आणि राज्य या तिन्ही गोष्टी वहीत आल्या का? एकही राहिली असेल तर पुढे जाऊ नका.

३. टांकसाळ शोधा, आणि योग्य जागी शोधा

प्रत्येक काळाची जागा वेगळी आहे.

कॅथरीनच्या तांब्याच्या ५ कोपेकवर गरुडाच्या दोन्ही बाजूंना एकेक अक्षर असतं. रोमन ई आणि एम दिसली तर येकातेरिनबुर्ग, दोन एम असतील तर मॉस्को, रोमन ए आणि एम असेल तर आन्निन्स्क. वर्ष दुसऱ्या बाजूला, राणीच्या नाममुद्रेच्या (तिच्या नावाच्या आद्याक्षराच्या चिन्हाच्या) डावी-उजवीकडे दोन-दोन आकड्यांत फुटलेलं असतं. १७८७ वर्षाचं येकातेरिनबुर्गच्या अक्षरांचं नाणं मिळालं तर मुकुट नीट पाहा. स्वीडनने रशियाशी युद्ध करताना आपल्या आवेस्ता या गावी या नाण्यांच्या नकला पाडल्या होत्या, आणि त्यांवरचा मुकुट रशियन न दिसता स्वीडिश धाटणीचा दिसतो. या खोट्या नाण्यालाही संग्राहक आवर्जून शोधतात.

शेवटचा झार निकोलस दुसरा याच्या चांदीच्या रुबलवर ही माहिती कडेवर असते. तिथे कोरलेल्या मजकुरात टांकसाळीच्या अधिकाऱ्याची आद्याक्षरं कंसात येतात. काही वर्षांचे रुबल परदेशात पाडून घेतले गेले. कडेवर एक तारा असेल तर पॅरिस, दोन असतील तर ब्रसेल्स. कड न पाहता "निकोलसचा रुबल, १८९७" एवढंच लिहिणं म्हणजे अर्धा पत्ता लिहून पत्र पेटीत टाकणं.

पोल्तिन्निकचंही तसंच. १९२४ च्या नाण्याच्या कडेवर चौकटीचा प आणि तंबूचा ल असेल तर ते लेनिनग्राडचं. रोमन टी आणि पी दिसली तर ती खरं म्हणजे त आणि र. ती टांकसाळीचा अधिकारी टॉमस रॉस याची आद्याक्षरं आहेत, आणि ते नाणं लंडनला पाडलेलं आहे.

सोव्हिएत काळातल्या पुढच्या सुट्या नाण्यांवर टांकसाळीचं अक्षर शोधत बसू नका. १९९१ च्या कोपेकांवर मात्र राजचिन्हाखाली म किंवा ल आहे, मॉस्को किंवा लेनिनग्राड. १९९० चं ५ किंवा १० कोपेक असेल आणि तिथे म असेल, तर ते जपून बाजूला ठेवा, दुर्मीळ आहे.

१९९७ नंतरच्या कोपेकांवर घोडेस्वार आहे. घोड्याच्या पुढच्या खुराखाली म असेल तर मॉस्को, स आणि प असेल तर सेंट पीटर्सबर्ग. १, २ आणि ५ रुबलांवर गरुडाच्या, आपल्या उजव्या हाताच्या, पंजाखाली एकात एक गुंफलेली बारीक अक्षरं असतात. आपण त्यांना एमएमडी (मॉस्कोची टांकसाळ) आणि एसपीएमडी (सेंट पीटर्सबर्गची) म्हणतो. २००३ च्या १, २ आणि ५ रुबलांत एसपीएमडी असलेली नाणी लोक शोधत असतात, म्हणून तिथे भिंग लावायला आळस करू नका.

४. वजन, व्यास, चुंबक, कड

खरंखोटं इथे उघडं पडतं. क्रम असा ठेवा: आधी चुंबक, मग वजन, मग व्यास, शेवटी कड. चुंबकाला क्षणभर लागतो, आणि झारचा चांदीचा रुबल चुंबकाला चिकटला तर पुढचं काम वाचलं.

आधुनिक नाण्यांत चुंबक वेगळं काम करतं. १९९३ चे ५० रुबल चिकटणारे आणि न चिकटणारे असे दोन्ही आहेत. २००९ मध्ये १, २ आणि ५ रुबलांचा धातू बदलून निकेल चढवलेलं पोलाद आलं, त्यामुळे त्या वर्षाचेही दोन्ही प्रकार मिळतात. "२००९, २ रुबल" एवढ्या नोंदीचा संग्राहकाला उपयोग नाही. "चिकटतं" किंवा "चिकटत नाही" हे शब्द पुढे हवेत.

वजनासाठी हे आकडे पाठ करा. निकोलस दुसऱ्याचा रुबल: २० ग्रॅम, व्यास सुमारे ३३.६५ मिलिमीटर, ९०० टंच चांदी (हजारात ९०० भाग चांदी). १९२४ चा कामगार-शेतकरी असलेला रुबल: तोही २० ग्रॅम. पोल्तिन्निक: १० ग्रॅम, सुमारे २६.७ मिलिमीटर, ९०० टंच. झिजेने थोडं वजन कमी होतं, पण २० ग्रॅमच्या जागी १७ आलं आणि चेहऱ्यावरची दाढी मात्र केसन् केस दिसतेय, तर ते नाणं खोटं आहे. कॅथरीनच्या ५ कोपेकला हा नियम लावू नका. त्याचं ठरलेलं वजन सुमारे ५१ ग्रॅम असलं तरी प्रत्यक्षात नाण्यानाण्यात बराच फरक पडतो.

वजन जुळलं आणि तरी शंका असेल, तर पाण्यातली परीक्षा घ्या. घरी होते आणि नाण्याला इजा करत नाही.

पेल्यात पाणी घेऊन तो काट्यावर ठेवा आणि काटा शून्यावर आणा. नाण्याला दोऱ्याचा सैल फास घाला. नाणं पाण्यात पूर्ण बुडवा, पण तळाला किंवा काचेला टेकू देऊ नका. हात स्थिर धरा आणि काट्यावरचा आकडा वाचा. नाण्याचं कोरडं वजन भागिले हा आकडा, म्हणजे धातूची घनता. ९०० टंच चांदीची सुमारे १०.३ येते. म्हणून २० ग्रॅमच्या खऱ्या रुबलला आकडा १.९४ च्या आसपास दिसेल, १० ग्रॅमच्या पोल्तिन्निकला ०.९७. तांबं-निकेलचा बनावट रुबल असेल तर २.२५ च्या जवळ जाईल. फास सुटून नाणं तळाला बसलं तर काटा पूर्ण वजन दाखवतो. घाबरू नका, पुन्हा करा. दोऱ्याला किंवा नाण्याला हवेचे बुडबुडे चिकटले असतील तर बोटाने हलकेच सोडवा. तीनदा करून मधला आकडा लिहा.

मग कड. नाणं दोन बोटांत धरून उजेडाकडे हळूहळू फिरवा. चांदीच्या जुन्या नाण्यांवर धातूचं प्रमाण सांगणारा मजकूर कोरलेला असतो. गुळगुळीत कडेचा झारचा रुबल किंवा कडेला सांध्याची रेघ असलेला कुठलाही रुबल आला, तर किमतीची बोलणी थांबवा. सांध्याची रेघ म्हणजे नाणं साच्यात ओतलेलं आहे.

५. उपप्रकार: मोजा, अंदाज करू नका

सोव्हिएत नाण्यांत राजचिन्हातल्या गव्हाच्या ओंब्यांभोवती फीत गुंडाळलेली असते. तिचे वेढे मोजायचे, खालचा मधला धरून. १९३७ ते १९४६ च्या नाण्यांवर ११, १९४८ ते १९५६ वर १६, आणि १९५७ वर १५. वेढे म्हणजे संघातली प्रजासत्ताकं. वर्ष आणि वेढे जुळले नाहीत तर पुन्हा मोजा. तरीही जुळले नाहीत तर ते नाणं जाणत्या माणसाला दाखवण्यासारखं आहे.

ओरखडा की नाणं पाडायच्या ठशातली चीर, याचा नियम सोपा आहे. रेघ पृष्ठभागावर उठलेली असेल तर ती ठशाच्या चिरेतून आली. आत खोल गेलेली असेल तर नाणं कुठेतरी घासलं. अशा ओरखड्याला 'टांकसाळीची चूक' म्हणून पुढे पाठवणं ही माझ्याकडे येणाऱ्या फोटोंबद्दलची माझी सगळ्यात मोठी तक्रार आहे.

६. नोंद आणि ठेवण

नाणं ओळखलं की त्याच बैठकीत नोंद करा. उद्या करू म्हटलं की कुठून आलं ते विसरतं.

मऊ, वास येणारी पीव्हीसीची पाकिटं नकोत. पुठ्ठ्याची चौकोनी खिडकीची पाकिटं किंवा मायलरची (पारदर्शक पॉलिस्टरची) घ्या. स्टेपलची टोकं चपटी करा, नाहीतर शेजारच्या नाण्याला टोचतात. चांदीजवळ रबरबँड ठेवू नका, त्यातल्या गंधकाने ती काळी पडते. पावसाळ्यात डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका. कोकणात असाल तर दर महिन्याला बदला.

७. फोटो

फ्लॅश बंद. दिवसा, खिडकीशेजारी, थेट ऊन नको. करडा किंवा पांढरा कागद. दोन्ही बाजूंना पुस्तकांचे गठ्ठे रचून त्यांवर काचेची पट्टी आडवी ठेवा आणि तिच्यावर फोन टेकवा, म्हणजे हात हलत नाही. फोन थोडा उंच ठेवून झूम करा. फार जवळ नेला तर नाणं फुगीर दिसतं. उजेड एका बाजूने तिरपा आला पाहिजे, तरच उठाव दिसतो.

फोटो चार हवेत: दर्शनी बाजू, मागची बाजू, कडेचा मजकूर, आणि मिलिमीटरची पट्टी शेजारी ठेवून एक. रंग सुधारणारे फिल्टर लावू नका. तांब्याचा खरा रंगच पाहायचा असतो.

८. विचारताना

समोरचा माणूस तुमच्यासाठी वेळ काढतोय, तो वाया जाऊ देऊ नका. निरोप असा असावा:

"पोल्तिन्निक, १९२४. कडेवर प-ल. वजन ९.८७ ग्रॅम, व्यास २६.७ मि.मी., चुंबकाला चिकटत नाही, पाण्यात ०.९६. पुण्याच्या जुन्या बाजारात मिळालं. धुतलेलं नाही. घणाच्या वर एक उठलेली रेघ आहे, फोटो तिसरा. ही ठशाची चीर असेल का?"

यात प्रश्न एकच आहे आणि त्याचं उत्तर देता येतं. "किती येतील?" याला उत्तर देता येत नाही, कारण किंमत प्रतीवर, म्हणजे नाणं किती चांगलं राहिलंय त्यावर ठरते, आणि प्रत फोटोवरून पूर्ण कळत नाही. तुम्ही कॅटलॉग पाहिला असेल तर त्याचा क्रमांक लिहा. झारशाहीसाठी बिटकिनचा, सोव्हिएत सुट्या नाण्यांसाठी फेडोरिनचा क्रमांक जगभरचे संग्राहक ओळखतात.

घासलेलं असेल तर घासलेलं म्हणून सांगा. लपवलं तरी भिंगाखाली बारीक समांतर रेघा दिसतात, आणि मग पुढच्या वेळी तुमच्या शब्दावर कुणी विसंबत नाही.

सावध: घराचा पत्ता, तिजोरीचा फोटो, संग्रहाची एकूण किंमत हे कधीही पाठवू नका.

९. अदलाबदल आणि सीमा

रशियात शिकणाऱ्या मुलांनो, हे तुमच्यासाठी. मॉस्कोचा इझ्माइलोवो आणि सेंट पीटर्सबर्गचा उदेल्नाया, दोन्ही बाजारांत नाणी मिळतात. शंभर वर्षांहून जुनं नाणं मात्र देशाबाहेर न्यायचं तर तिथल्या सांस्कृतिक मंत्रालयाची परवानगी लागते. १९६१ नंतरची सुटी नाणी घ्या आणि निर्धास्त या. शेतात डिटेक्टर घेऊन जाणाऱ्या मित्रासोबत जाऊ नका. २०१३ पासून विनापरवाना पुरातत्त्वीय शोध हा तिथे फौजदारी गुन्हा आहे.

आपल्याकडेही १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनं नाणं ही पुरावस्तू आहे आणि खाजगी माणसाला ते परदेशी पाठवता येत नाही. निकोलसचा रुबल युरोपातल्या मित्राशी बदलायचा विचार असेल तर तो सोडा. देशातल्या देशात बदला. नवी नाणीही साध्या पाकिटात घालून परदेशी टपालाने पाठवू नका. आधी पोस्टात नियम विचारा.

अदलाबदलीत दोघांनीही त्याच नाण्याचे ताजे फोटो द्यायचे, वजनासकट. पोचल्यावर पाकीट उघडतानाचा व्हिडिओ घ्या आणि वजन पुन्हा करा.

उत्तर आलं की ते वहीत त्याच नाण्याच्या ओळीसमोर लिहा: कुणी सांगितलं, कोणत्या तारखेला, आणि कशावरून. वर्षभराने दुसरा कुणी वेगळं सांगेल, तेव्हा दोन्ही मतं समोरासमोर ठेवून नाणं पुन्हा काट्यावर घालता येईल.